पत्र्याआडची आच

आग आणि पाणी एकाच चुलीवर सुखानं नांदतात, कारण दोघांच्या मधे भांडं असतं. भांडं फुटलं की आगही विझते आणि पाणीही जातं. दोन साडूंच्या मधलं भांडं म्हणजे सासरा. ह्या गोष्टीतला सासरा चांगल्या जाड बुडाचा होता, म्हणून तर गोष्ट सांगण्याइतकी टिकली.

सासऱ्याचं गॅरेज होतं. लांबट पत्र्याची शेड, तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली फरशी, आणि पुढं मोकळं अंगण, जिथं दिवसभर ऊन ठाण मांडून बसायचं. साध्या गाड्या तिथं येत नसत. कारखान्यानं दिलेला वेग ज्यांना पुरत नाही अशी माणसं आपल्या गाड्या तिथं आणत, आणि त्या गाड्या आल्या होत्या त्याहून जास्त गुरगुरत परत जात. मालकाला सगळे बाबा म्हणत. बाबांना दोन मुली. थोरलीचा नवरा आणि धाकटीचा नवरा, दोघं जावई त्याच शेडखाली राबायचे. थोरला जावई गाड्यांचे एसी बघायचा, त्याला लोक गारठा म्हणत. धाकटा इंजिन बघायचा, त्याला भडका म्हणत. नावं पडली कामावरून, पण स्वभावाला अशी चपखल बसली की बारशालाच ठेवली असावीत असं वाटावं.

ही गोष्ट गारठ्याची.

गारठा उंच होता, पण त्याची उंची फारशी कुणी पाहिलीच नाही. आयुष्यभर बॉनेटखाली वाकलेला. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. काम मात्र असं की बघत राहावं. वेगवान गाडीच्या बॉनेटखाली जागा इतकी कमी असते की उंदरालाही अंग चोरून जावं लागेल. त्यात टर्बो नावाचं एक चक्र असतं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर ते फिरतं आणि इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबतं. जोरात पळून आलेल्या गाडीचा टर्बो फुंकलेल्या निखाऱ्यासारखा तापलेला असतो. आणि त्याच्याच शेजारून, कधी कधी तर वीतभर अंतरावरून, एसीचा गार पाइप जात असतो. विस्तवाच्या कुशीत बर्फ सांभाळायचं, हे गारठ्याचं काम.

ते तो हातानं करायचा. गाडी अंगणातल्या उन्हात उभी करून, इंजिन चालू ठेवून, प्रत्येक नळीजवळ हाताची मागची बाजू न्यायचा. तळहात कधीच नाही. "तळहाताला घट्टे पडलेत, तो खोटं बोलतो," असं म्हणायचा. कुठल्या नळीला चंदेरी वेष्टण घालायचं आणि कुठली उघडी सोडायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. गाडीच्या आतून परत येणारी गार नळी झाकायची, कारण ती वाटेत दुसऱ्याची ऊब उचलते. कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम नळी मात्र उघडी ठेवायची, कारण तिला झाकली तर ती आपली उष्णता टाकणार कुठं?

एवढं कळणाऱ्या ह्या माणसाच्या पोटात अशीच एक गरम नळी होती, आणि ती त्यानं वर्षानुवर्षं गच्च गुंडाळून ठेवली होती.

लग्न आधी त्याचं झालं होतं. तेव्हा शेडमध्ये बाबा आणि तो, दोघंच. बाबा इंजिन उघडायचे, हा गॅस भरायचा. दोघांत दिवसभरात चार वाक्यं व्हायची आणि त्यांतली दोन पान्यांबद्दल असायची. पण गारठा सुखी होता. मग भडका आला. तो आला शर्यतीत दुसऱ्याची गाडी चालवणारा म्हणून. गाडी आजारी पडली, ती बरी होईपर्यंत रोज येऊन बसायचा. गाडी बरी झाली तरी येतच राहिला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हा गाडीसाठी येत नव्हता.

धाकटीशी लग्न झालं आणि शेडमध्ये हसू शिरलं. बाबा हसतात, हे गारठ्याला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ह्या माणसाला देवानं ते यंत्रच बसवलं नसावं. भडका काहीतरी बोलायचा आणि बाबा पोट धरून बसायचे. बाबा गारठ्याला "अहो जावईबापू" म्हणायचे. भडक्याला म्हणायचे, "अरे ए गाढवा." गारठ्याला फार वाटायचं, आपणही एकदा गाढव व्हावं.

त्यात कामाचाही दोष होता. भडक्याचं काम पळताना तपासतात. गिऱ्हाईक गाडीत बसायचं, मोठ्या रस्त्याला एक फेरी मारून यायचं, आणि उतरायचं ते लाल झालेलं तोंड घेऊन. भडक्याच्या पाठीवर थाप मारायचं. गारठ्याचं काम उभ्या गाडीत तपासतात. एसीच्या जाळीपुढं थर्मामीटर धरायचा आणि काटा खाली येताना बघत बसायचं. त्याला टाळ्या कोण देणार? गारवा चालू असला की कुणाच्या ध्यानातही येत नाही. बंद पडला की मात्र सगळ्या जगाला गारठा आठवतो.

आता गॅरेजची रीत सांगतो. काम कुणीही केलेलं असो, शेवटी बॉनेट बाबांनीच लावायचं. आधी सगळं डोळ्यांखालून घालायचं, मग दोन्ही हात ठेवून बॉनेट लावायचं. आणि ज्यानं बॉनेट लावलं, आतलं सगळं त्याच्या नावावर. नट ढिला राहिला, तेल ठिबकलं, वायर जळली, सगळं त्याचं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर ते त्याच्याकडंच येणार आणि त्यानंच खाली वाकायचं. "ते माझं काम नव्हतं" हे वाक्य बॉनेट लागल्यावर त्या शेडमध्ये कुणी उच्चारायचं नाही.

पुढं बाबांचा खांदा आखडला. हात वर जाईना, नजरही अंधूक झाली. एके सकाळी त्यांनी खुर्ची शेडच्या दाराशी ओढून घेतली आणि दोघांना बोलावलं.

"इथून पुढं बॉनेट तुमच्यापैकी एकानं लावायचं."

"मला द्या बाबा," भडका म्हणाला. "साडूभाऊ वाकलेले सरळ होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल."

बाबा हसले. "गाढवा, तुला दिलं तर तू बॉनेट लावायच्या आधीच गाडी घेऊन पळशील." मग गारठ्याकडं बघून म्हणाले, "एक गाडी बघतो. मग ठरवतो, जावईबापू."

गारठा मान हलवून आपल्या कोपऱ्यात गेला. त्या दिवशी त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याच्या मनात हिशेब सरळ होता. हसू भडक्याला गेलं, गाढवपण त्याला गेलं, फेऱ्या त्याला गेल्या. बॉनेट तरी आपल्याला यावं. ती खुर्चीजवळची जागा, गाडी आणि गिऱ्हाईक ह्यांच्या मधली, ती आपली.

गाडी आली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. हिरवी, बुटकी, जमिनीला पोट लावून चालणारी. बाई बारीक अंगाच्या आणि चष्म्याच्या, पण गाडीतून उतरायच्या शर्यत संपवून उतरल्यासारख्या.

"मोठा टर्बो बसवा," बाई म्हणाल्या. "पण एसी कमी झालेला चालणार नाही. पोचल्यावर मला माणसांच्या तोंडात हात घालायचा असतो. घामट हात चालत नाहीत."

"बाई, वेग असा देतो की घाम यायला वेळच मिळणार नाही," भडका म्हणाला. "काही कळणारसुद्धा नाही."

"दाढ काढताना मीही असंच सांगते. काही कळणार नाही म्हणते."

बाबा इतके हसले की खुर्ची करकरली. गारठ्यालाही काहीतरी बोलायचं होतं. त्याला चांगलं उत्तर सुचलंही, पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना.

"हीच ती गाडी," बाई गेल्यावर बाबा म्हणाले. "हिचं बॉनेट लावेल तो पुढं सगळ्यांची लावेल."

भडक्यानं टर्बो बसवला. मोठा होता, त्याचा पाइपही जाड, आणि तो पाइप वळण घेऊन नेमका एसीच्या कॉम्प्रेसरजवळून खाली उतरला.

"अरे, तुझा पाइप माझ्या कॉम्प्रेसरच्या छातीवर बसलाय," गारठा म्हणाला.

"जागाच तेवढी आहे हो. कॉम्प्रेसर थोडा सरकवा की."

"कॉम्प्रेसर म्हणजे काय स्टूल आहे सरकवायला?"

"मग झाका त्याला, साडूभाऊ. झाकण्यात तुमचा हात कोण धरणार?"

भडका मनापासून बोलला होता. गारठ्याला मात्र ते झोंबलं. झाकणारा. म्हणजे हा दाखवणारा आणि आपण झाकणारे. मत्सरी माणसाच्या कानाला गाळणी नसते, त्यात सगळं जसंच्या तसं पडतं आणि आत जाऊन आंबतं.

त्यानं पत्रा घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा, पातळ, चांगल्या चकाकीचा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, मग लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून पत्रा लहान हातोडीनं ठोकत वळवला. सुतार मुलीच्या लग्नाचा पलंग करतो तसा जीव ओतून. गरम पाइप आणि पत्रा ह्यांत बोटभर अंतर सोडलं, कारण पाइपाला चिकटलेला पत्रा म्हणजे दुसरा तवाच. पत्र्याची कड कॉम्प्रेसरच्या भोवतीनं अशी फिरवली, जसा एखाद्या आईनं पदर धरावा. गार नळीला नवं वेष्टण घातलं. मग गाडी उन्हात काढून तासभर चालू ठेवली.

काटा उतरला. बाबा काठी टेकत आले, दार उघडून जाळीपुढं तोंड धरलं, आणि म्हणाले, "वा."

एवढंच. पण गारठ्यानं ते 'वा' दिवसभर तोंडात घोळवलं असतं. फक्त सवयीनं त्याचा हात पुढं गेला. पत्र्याच्या ह्या बाजूला सगळं ठीक होतं. त्यानं हाताची मागची बाजू पत्र्याच्या पलीकडं नेली, भडक्याच्या बाजूला, जिथं इंजिनाची हवा ओढायची नळी तोंड उघडून बसलेली होती.

तिथं भट्टी होती.

उष्णता मरत नाही. आपल्या शेतात साचलेलं पाणी बांध फोडून काढलं की ते शेजारच्या शेतात जाऊन उभं राहतं, तसं झालं होतं. पाइपाची सगळी आच पत्र्यावरून घसरून थेट त्या नळीच्या तोंडावर जात होती. इंजिनाला गार हवा मिळाली तर ते जोर धरतं. गरम हवा प्यालं की उन्हातल्या बैलासारखं धापा टाकतं. उपाय गारठ्याला तिथल्या तिथं दिसला. पत्र्याची खालची कड जमिनीकडं वळवायची आणि आच गाडीच्या पोटाखालून बाहेर सोडायची. हवेच्या नळीचं तोंडही थोडं हलवावं लागेल, पण ते भडक्याला सांगून.

त्यानं हात मागं घेतला आणि पँटला पुसला.

पत्रा वळवताना त्याच्या मनात पाप नव्हतं, फक्त आपला कॉम्प्रेसर होता. पण हाताला चटका बसल्यावर तो गप्प राहिला, ते मात्र जाणूनबुजून.

बाबांना शेजारी बसवून भडका फेरीला गेला आणि लौकर परत आला. तोंड उतरलेलं.

"दम नाही धरत," तो म्हणाला. "सुरुवातीला उडी घेते आणि मग नरमते."

त्यानं गाडीला यंत्र जोडून आकडे बघितले. आत जाणारी हवा तापते आहे, हे त्याला दिसलं. पण माणूस दोष शोधतो तो आपण नुकतंच केलेल्या कामात. त्याला वाटलं, आपला टर्बोच मोठा झाला, हवा कोंबता कोंबता तोच तिला तापवतो आहे. साडूनं केलेल्या त्या चकचकीत पत्र्याच्या मागं हात घालावा, असं त्याच्या मनातही आलं नाही. इतका सुंदर पत्रा. त्यानं तर त्याची तारीफ केली होती.

मग भडक्यानं टर्बो उतरवला. पुसला, तपासला, चढवला. फेरी मारली, परत उतरवला. कोपर भाजलं, त्याला चिंधी बांधली. विनोद आटले. चहाचा कप त्याच्या शेजारी निवून जायचा आणि त्यावर साय धरायची. गारठा आपल्या कोपऱ्यातून बघायचा. पहिल्यांदा ते बघणं गोड लागलं. उसाच्या कांड्यासारखं, चघळावं तेवढं गोड.

पण एका दुपारी बाबांनी आपली खुर्ची उचलायला लावली आणि त्या हिरव्या गाडीशेजारी नेऊन ठेवली. तिथं बसून ते भडक्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलू लागले. "हे बघितलंस? बरं, मग ते बघ." बराच वेळ. गारठ्याचा घास कडू झाला. पडलेल्या माणसाशेजारी बाबा जाऊन बसले होते. आपण कधी पडलोच नाही, म्हणून आपल्याशेजारी ते कधी बसले नाहीत. म्हणजे ह्याचं हरणंही आपल्या जिंकण्यापेक्षा भाग्याचं.

संध्याकाळी घरी थोरली भाजी चिरत होती.

"धाकटीचा फोन होता. नीट जेवत नाही म्हणे तो."

"शिकतोय."

"काय शिकतोय?"

"वेग म्हणजे सगळं नसतं, ते."

थोरलीनं सुरी थांबवली. "आणि तुमचं तोंड असं का? दूध सांडून आलेल्या मांजरासारखं."

"तुला बहिणीचा फार पुळका."

"असणारच. लहानपणी तिनं माझ्या बाहुलीचा डोळा काढला, मी तिच्या वेणीत डिंक ओतला. केस कापावे लागले तिचे. संपलं. तुम्हा पुरुषांचं तसं नाही. तुम्ही मंद आचेवर ठेवता आणि वर झाकण घालता."

"माझ्या मनात काही नाही."

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून?" असं म्हणून तिनं भाजी फोडणीला टाकली, आणि त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.

गाडी द्यायचा दिवस आला. भडक्यानं टर्बोचा जोर कमी करून ठेवला होता, म्हणजे निदान गाडी अडखळणार तरी नाही. तो बाबांपुढं उभा राहिला.

"माझं पुरतं जमलं नाही, बाबा. दोष माझा. मापच चुकलं माझं."

बाबांनी मान हलवली. मग गारठ्याकडं वळले. "ज्याचं काम पुरं झालं त्यानं लावावं. लावा."

गारठ्यानं दोन्ही हात ठेवले. बॉनेट जड नव्हतं, पण तो ते असं खाली आणत गेला की जणू त्यात पाणी भरलं होतं. शेवटी दाबलं, तेव्हा कडी बसल्याचा आवाज शेडभर गेला. त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, भरपूर झाला. पुढचे काही दिवस तो चालायचा ते पाठ सरळ करून. लोकांना पहिल्यांदाच कळलं की हा एवढा उंच आहे. येईल त्या गाडीचं बॉनेट तो लावायचा, गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं, आणि भडका मागं उभा राहून हात पुसत असायचा.

त्या आनंदात एक खडा मात्र होता. भडका हरला होता, पण गारठ्याकडून हरलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो टर्बोकडून हरला होता, मापाकडून हरला होता, स्वतःच्या हावेकडून हरला होता. "साडूभाऊंचं काम बघा, आणि माझं बघा," असं तो येईल त्याला मोकळेपणानं सांगायचा. शत्रूला आपण शत्रू आहोत हेच माहीत नसेल, तर त्याला पाडून काय मिळवलं?

डॉक्टरीणबाई परत आल्या त्या भर दुपारी.

"एसी झकास," त्या म्हणाल्या. "पेशंट म्हणतात, बाई तुमचे हात किती गार. पण चढावर गाडी दमते हो. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला मला. मला. ट्रकनं."

भडका पुढं झाला. "बाई, इंजिनाचं मी…"

"बॉनेट कुणी लावलं होतं?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं. आवाज चढवला नाही.

भडका थांबला. गारठा म्हणाला, "मी."

"मग तक्रार तुमची."

गारठ्यानं बॉनेट उघडलं. आणि उघडता उघडता त्याच्या मनात दुसरी वाट चमकली. आत्ताच सापडल्यासारखं करायचं. इकडं हात लावायचा, तिकडं लावायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि मग पत्र्यामागं हात नेऊन म्हणायचं, हे बघा. भडक्याला इतके दिवस न सापडलेलं आपल्याला चहा निवायच्या आत सापडलं. एका गाडीत दोनदा जिंकायचं. कुणाला कळणार होतं?

भडका उजेडाला विजेरी घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. "तुम्हालाच सापडेल, साडूभाऊ," तो हळूच म्हणाला. "माझे तर डोळे फुटले बघून बघून. मी ह्या कामाचा नाहीच बहुतेक."

तेव्हा गारठ्याला काय झालं ते सांगतो. दया आली असं म्हणणारे म्हणतील. मी त्याला ओळखतो. दया नाही आली. ह्या माणसाला अजूनही आपण दिसत नाही, ह्याचाच संताप आला. इतकं करून ह्याच्या पराभवात आपली जागाच नाही. त्यानं भडक्याचा हात धरला, उलटा केला आणि पत्र्याच्या मागं नेला. इंजिन चालू होतं.

भडक्यानं हात झटकन ओढला. मग स्वतःहून परत नेला. आधी पत्र्याकडं बघितलं, मग हवेच्या नळीकडं, मग गारठ्याकडं.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"बॉनेट लावायच्या आधी."

डॉक्टरीणबाई चाकाजवळ वाकून टायरची नक्षी बघू लागल्या, जसं काही तिथं कुणाची दाढ किडली होती.

"मी धाकटीला म्हटलं होतं," भडका म्हणाला, "की हे काम सोडतो. दुसऱ्याच्या गाड्या चालवीन परत." मग तो बाहेर नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

गारठ्याला हवं होतं ते झालं होतं. आता भडक्याला तो दिसत होता. पण ज्या नजरेनं दिसत होता, ती नजर त्याला पेलली नाही. तो खाली बघत उभा राहिला.

"इंजिन बंद करा," बाबा म्हणाले. "निवलं की पत्रा काढा. दोघं मिळून बसवा."

गाडी निवायला वेळ लागला. मग भडकाच पत्रा कापायची कातरी घेऊन आला. कामापुरतं बोलणं झालं. "इथं." "अजून थोडं." "धरा." "सोड." पत्र्याची खालची कड जमिनीकडं वळली, आच पोटाखालून बाहेर जायला लागली. हवेच्या नळीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिव्याच्या मागं नेलं, जिथं बाहेरचा वारा लागतो. गारठ्याला आपला पलंगासारखा पत्रा कापताना जिवावर आलं, आणि कातरी भडक्याच्या हातात होती. भडक्यानं तो अगदी जपून कापला. ते जपणंही गारठ्याला टोचलं.

टर्बोचा जोर परत वाढवला. बाईच फेरी मारून आल्या. उतरल्या त्या नुसत्या हसत. कुणाला काही बोलल्या नाहीत, फक्त एसीच्या जाळीपुढं हात धरून दाखवला आणि मान डोलावली.

बॉनेट उघडंच होतं. गारठा दोन पावलं मागं सरला. "आता ह्याला लावू द्या, बाबा."

"का?"

गारठ्यानं हात पँटला पुसले.

"ते काय बक्षीस वाटलं होतं तुम्हाला?" बाबांनी विचारलं. "मी एवढी वर्षं लावत होतो. मला कधी झोप लागली का, विचारा तुमच्या सासूला."

"मला तर नकोच ते," भडका म्हणाला. त्याच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदाच थोडी धार होती. "आतलं सगळं लावणाऱ्याच्या नावावर ना? मग माझा पाइप, माझा टर्बो, माझ्या वायरी, सगळं साडूभाऊंच्या नावावर. माझा एक नट ढिला राहिला तरी वाकायचं त्यांनी. लावा, साडूभाऊ. मनासारखं झालं तुमच्या."

गारठ्यानं बॉनेट लावलं.

आजही तोच लावतो. भडक्यानं बरेच दिवस त्याच्या बरोबर चहा घेतला नाही. मग घेऊ लागला. बहिणींनी दोघांच्या पाठीमागं परस्पर काय ते मिटवून टाकलं होतं, ते दोघांना फार उशिरा कळलं. बाबा गेले, खुर्ची दाराशी तशीच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. वर गिऱ्हाइकाच्या पिशव्या ठेवतात.

पण हेवा काही गेला नाही. त्याचं ठिकाण बदललं फक्त. गाडी तयार झाली की गारठा आपल्या नळ्यांवरून एकदाच हात फिरवतो. भडक्याच्या बाजूला मात्र फिरवतच राहतो. नट, क्लिप, वायर, पाइपाचा सांधा. आज भडक्याचं काम त्याला जेवढं पाठ आहे तेवढं खुद्द भडक्यालाही नसेल. आणि भडका? तो आपलं काम संपवतो, कपडे खुंटीला अडकवतो, धाकटीला मोटरसायकलवर मागं बसवतो आणि शीळ घालत निघून जातो. त्याच्या डोक्यावर काही नसतं. काही राहिलंच असेल तर ते बघणारा मागं वाकलेला आहे.

परवा थोरली दळण घेऊन येताना शेडमध्ये डोकावली. गारठा उघड्या बॉनेटखालून मान वर करून रस्त्याकडं बघत होता.

"काय बघताय?"

"गेला," तो म्हणाला.

"जाणारच. काम संपलं त्याचं."

"कसा मोकळा जातो बघ."

थोरलीनं दळणाचा डबा ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. "समोर बघा आधी," ती म्हणाली. "पाइप तापलेला असेल अजून."